शंभरात किती

मोजणीबाईंनी डूख धरला तो धाकट्या दिरावर. बाईंचा जन्म सर्वेक्षणात गेला. दारोदार फिरायचं, कोणाकडे काय आहे ते विचारायचं आणि दोन वस्त्यांची तुलना मांडायची. राहायच्या त्या वसाहतीच्या टॉवरमध्ये. दीर त्याच वसाहतीत समोरच्या बंगल्यात, आणि वर वसाहतीचा सेक्रेटरी!

बाई कामासाठी परगावी गेल्या, तेवढ्यात या पठ्ठ्याने पाळीव प्राण्यांची पाहणी उरकली. टॉवरमध्ये चाळीस घरांत प्राणी, बंगल्यांपैकी वीस घरांत. म्हणजे दुप्पट उपद्रव टॉवरचा, असं सांगून टॉवरमधले प्राणी हलवायचा ठराव त्याने कमिटीच्या गळी उतरवला. बाईंची एका डोळ्याची म्हातारी मांजरी तर त्याने स्वतः पिशवीत घातली आणि गावाबाहेरच्या गोदामाशी सोडून आला. परतल्यावर बाईंनी हाका मारत गोदाम पालथं घातलं. मांजरी काही सापडली नाही.

"नियम म्हणजे नियम, वहिनी," तो म्हणाला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांनी त्याला ताकास तूर लागू दिली नाही.

वार्षिक सभेत तो ठराव कायमचा व्हायचा होता. बाई उठल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, की टॉवरचं नाव घालून उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा? ज्या बाजूला प्राण्यांचं प्रमाण जास्त, त्या बाजूचे जातील, असं लिहा. वय बघायचं नाही, कोणाला सूट नाही, हेही लिहा. वहिनी आपली बाजू घेतेय म्हटल्यावर स्वारी अशी खूश झाली, की विचारू नका! त्याने सगळं लिहिलं, भराभर हात वर झाले, ठराव पास.

मग बाईंनी त्याला विचारलं, टॉवरमध्ये घरं किती? दोनशे. आणि बंगले? पन्नास.

"म्हणजे भाऊजी, टॉवरमध्ये शंभर घरांमागे वीस घरांत प्राणी. बंगल्यांत शंभरामागे चाळीस. दुप्पट तुम्ही आहात."

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस ते चाळीसच, वीस ते वीसच, असं तो बडबडत राहिला. पण ज्यांची जनावरं त्याने हाकलली होती, ते टॉवरवाले आता कसले ऐकतात! नियम म्हणजे नियम, असं त्यांनीच त्याला सुनावलं.

संध्याकाळी तो बाईंच्या दारात आला. सोबत त्याचा कुत्रा, थकलेला, मागचे पाय ओढत चालणारा. रात्री तो दिराच्या पलंगावरच झोपायचा.

"वहिनी, वय झालंय हो त्याचं. कुठे जाईल तो?"

"तिचंही झालं होतं."

कुत्र्याने बाईंना ओळखलं. बंगल्यावर गेल्या की त्याच त्याला बिस्कीट द्यायच्या. त्याने शेपटी हलवली आणि बाईंच्या पावलावर डोकं टेकलं. त्याचे कान कुरवाळायला बाईंचा हात खाली गेला, आणि मध्येच थांबला.

त्यांनी पाय काढून घेतला. गोदामाचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे, असं दिराला सांगितलं आणि दार लावलं.