बरणीतली गुलाबी

डिसेंबरात वारा फिरला की नंदुरबारबाहेरच्या पथारींवर वाळत घातलेल्या मिरचीचा उग्र, गोडसर वास घराघरांत शिरतो, कपड्यांत आणि उशांत मुक्काम करतो, आणि बाहेरगावचा पाहुणा शिंकून शिंकून बेजार झाला की आम्ही खुशाल हसतो. या हिवाळ्यात आमच्या बैठकीत या वासाला एक भागीदार आला. तो ओलसर, खारट, किंचित शेवाळी वास समुद्राचा होता, आणि समुद्राशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या या गावात तो आणण्याचा खटाटोप सर्वस्वी माझा होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी विद्यार्थ्यांसाठी आणली असं मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलंही. खरं तर ती नानांसाठी होती. नाना म्हणजे माझे वडील. गुडघ्यांनी दावा मांडल्यावर कोरीट गावातलं शेत त्यांनी पुतण्याच्या हवाली केलं आणि पावसाळा सरता सरता ते माझ्याकडे राहायला आले. पन्नास वर्षं पहाटे उठून कापसाच्या ओळींतून पानं उलटी करून पाहत फिरलेला हा माणूस माझ्या घरीही पाचलाच उठत असे, पण उठून खिडकीशी बसण्याखेरीज त्याला काही काम नव्हतं. त्यांचं बोलणं आटत चाललं होतं. चहा हवा का विचारलं तर मान हलायची, तीही कुठल्या दिशेने ते नीट कळायचं नाही. मला भीती वाटत होती. एखादं माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत जाईल आणि मी वह्या तपासत बसेन, अशी सरळ साधी भीती.

टाकीत घालायचे दगड मी सुरतेच्या एका दुकानातून आणले. सिमेंटचेच, पण वर्षभर समुद्रात बुडवून ठेवलेले, त्यामुळे सजीव झालेले. ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत घातलेले ते दगड मांडीवर घेऊन मी गाडीत बसले, आणि खांडबारा स्टेशनात गाडी थांबली तेव्हा बाटलीतलं खारं पाणी त्यांच्यावर शिंपडत असताना समोरच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही. घरी नानांनी मिठाची बादली पाहिली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले.

"खारी व्हयेल जमीन लोकं सोडी देतस, नि तू खारं पानी इकत लई उनी?"

मी इतकी आनंदले की बादली तिथेच ठेवून त्यांच्यासाठी चहा टाकायला गेले.

दगडांबरोबर कोण कोण आलं आहे याची मला कल्पना नव्हती. आधी काचेवर पांढऱ्या ठिपक्यांएवढ्या नळ्या उमटल्या, मग कुठूनसा एक नखाएवढा शंख चालू लागला, एका कपारीत तपकिरी पाकळ्यांचं काहीतरी उमललं आणि बोटाची सावली पडताच मिटलं. बिनतिकिटाचे हे प्रवासी मोजण्यात तीन आठवडे गेले. पाणी स्थिरावल्यावर मी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणून सोडले. नाना खुर्ची खिडकीपासून थोडी टाकीकडे वळवून बसू लागले. त्यांना खाणं घालायला भारी आवडे, आणि मीही त्यांचा हात धरला नाही.

अशाच एका पहाटे, टाकीचा दिवा लागण्यापूर्वी, बाहेरच्या फिकट उजेडात त्यांनी दगडाच्या भोकातून काहीतरी सरपटत निघताना पाहिलं आणि सगळं घर हलेल अशा आवाजात हाक मारली.

"ऊठ व माय! गुलाबी पडनी!"

मला ते मायच म्हणतात. कापूस पिकवणाऱ्या घरात 'गुलाबी पडली' हे दोन शब्द पुरेसे असतात. गुलाबी म्हणजे बोंडात शिरणारी गुलाबी अळी. बाहेरून बोंड भरलेलं, टपोरं दिसतं, आणि फोडावं तर आत सरकी पोखरलेली, कापूस काळवंडलेला. नानांनी शेवटच्या हंगामात उभं शेत उपटलं होतं ते हिच्यापायीच, आणि त्याविषयी माझ्याशी चकार शब्द काढला नव्हता. काचेपलीकडचा तो प्राणीही गुलाबीच होता, वळ्यावळ्यांचा, बोटभर लांब, कडेने बारीक पांढरे केस असलेला. मी तो पाहिला. तो कोण आहे हे पुस्तकात पाहायला मला पाच मिनिटं लागली असती. पण नाना उभे होते, गुडघा विसरून उभे होते, डोळ्यांत ओळखीची चमक होती, आणि मी पुस्तकाऐवजी प्रयोगशाळेतला लांब चिमटा आणून त्यांच्या हातात दिला.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात निंदणीचा हंगाम होता. नाना पहाटे टाकीशी दबा धरून बसत, गुलाबी दिसली की चिमट्याने अलगद ओढत. एकदा घाईत त्यांनी ती बोटांनीच धरली आणि तिचे ते बारीक केस कातडीत शिरले; मी चिकटपट्टी लावून ते उपटून काढत होते तेव्हा ते मिरची तोडल्यावर हातांची कशी आग व्हायची ते सांगत बसले. जेवताना बोलू लागले, शेजाऱ्यांना बोलावून टाकी दाखवू लागले. मी मनोमन त्या अळ्यांचे आभार मानत होते.

मग पाणी दुधाळ झालं. दगडांच्या सांदीत न खाल्लेल्या अन्नाला बुरशी धरली, आणि एका सकाळी दोन माशांपैकी एक तळाशी आडवा पडलेला दिसला. उरलेला पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होता. तपासणीच्या नळीत थेंब टाकले तर रंग गर्द हिरवा झाला. पाण्यात अमोनियाचं विष साठलं होतं. मी सुरतेच्या दुकानदाराला फोन केला, आणि गुलाबी अळीचं वर्णन ऐकून तो पलीकडे हसूच लागला.

"अरे बेन, ए तो सफाई करे! एने काढी नाख्यां?"

सांडलेलं, कुजलेलं सगळं खाऊन टाकी साफ ठेवणारे ते प्राणी आम्ही वेचून वेचून काढले होते. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. नानांना सांगितलं तर ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील, कदाचित कायमचे. न सांगितलं तर ते उद्याही चिमटा घेऊन बसणार आणि दुसरा मासाही जाणार. चूक मुळात माझी होती. त्यांना कापूसच ठाऊक होता, मला पुस्तकं ठाऊक होती, आणि मी ती उघडली नव्हती. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

नानांनी चिमटा टीपॉयवर ठेवला. "मन्हा डोया गयात," डोळ्यांना बोल लावत ते एवढंच म्हणाले. मेलेला मासा त्यांनीच गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. मी बादल्यांनी पाणी बदलत होते, मीठ कालवत होते, आणि त्यांच्याकडे बघण्याचं टाळत होते. बराच वेळ ते गॅलरीतून आत आले नाहीत म्हणून मी हात पुसत गेले, तर ते धान्याच्या डब्यामागून लोणच्याची एक काचेची बरणी बाहेर काढत होते. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं होती.

"एक शे अजून," ते म्हणाले. अजून एक होती तर.

बरणीत दगडाचा एक कपचा होता, आणि त्याखाली, आक्रसून, एक गुलाबी.

"जित्ती?" मी विचारलं.

"जित्तीच. मरेल लई गयं तर दुकानदार वळखस नही. रंग उतरी जास."

शेतात कीड दिसली की ती जिवंत धरून औषधाच्या दुकानात न्यायची, दाखवायची, मगच औषध विचारायचं, ही आमच्याकडची सर्वांची रीत. गुडघ्यामुळे त्यांना दुकानापर्यंत जाता आलं नव्हतं आणि मला सांगायचा संकोच वाटला होता. म्हणून रोज वाटीभर टाकीतलं पाणी काढून ते बरणीतलं पाणी बदलत होते, खाण्याचा कणही टाकत होते. ज्या किडीने त्यांचं शेत नेलं तिला, तीच समजून, आठ दिवस त्यांनी जगवलं होतं. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यांनीच बरणी टाकीत कलती केली. गुलाबी क्षणभर वाळूवर पडून राहिली, मग केसांच्या रांगा हलवत दगडाखाली निघून गेली. अर्थात एकट्या अळीने पाणी सुधारत नाही. ते काम बादल्यांनी केलं, आणि तिसऱ्या दिवशी उरलेला मासा पोहत खाली उतरला. पण नानांची खुर्ची खिडकीकडे गेली नाही. खाणं ते आता मोजून चिमूटभर टाकतात, आणि माझा हात मोठा झाला तर मलाच दटावतात. त्या शेवटच्या हंगामाविषयी मी अजूनही विचारलेलं नाही.

परवा पहाटे, मिरचीचा वास नुकता ओसरू लागलेला असताना, पुन्हा हाक आली. शेवटचे दोन सोडले तर शब्द तेच होते, आवाज मात्र कुजबुजता, टाकीत जागं झालेलं कुणी बिचकू नये असा.

"ऊठ व माय. गुलाबी पडनी. दोन शेतस."