तारेला टोले देणारा अण्णा

आमच्या बांधाला लागून अण्णाचं वावर. जन्मभर एसटीत कंडक्टर, रिटायर झाल्यावर टोमॅटो. रोज सकाळी नऊला काठी घेऊन निघायचा आणि झाडं बांधलेल्या प्रत्येक तारेवर दोन टोले हाणायचा. शेवटची ओळ झाली की ओरडायचा, "जाऊ द्या!" मी तिसरी शिकलेला, पण टोमॅटोत केस पांढरे केलेले. मला हसू यायचं.

त्या साली माझी झाडं छातीला लागलेली, पाला काळाशार. फळ मात्र एक नाही. फुलं यायची, देठ पिवळा पडून गळायची. आणि मी तर गावभर सांगून बसलो होतो, पहिलं कॅरेट माझंच निघणार. नजर लागली म्हणून जुनी चप्पल टांगली, वर युरियाची आणखी एक गोण टाकली.

अण्णा बांधावरून म्हणाला, "तात्या, गाडी पाल्यानंच भरली. फळानं बसायचं कुठं? युरिया बंद कर, पाणी कमी कर, खालचा पाला उतरव. अन् तारा हलव. फुलातली भुकटी झडल्याशिवाय फळ धरत नाय."

"तिकिटं फाडणाऱ्यानं मला शेती शिकवू नये."

"नको शिकू. पण चप्पल तरी धुऊन टांगायची. फुलं वासानं गळत्यात."

तीन दिवस मी बांधाकडे पाठ करून राबलो. युरिया मात्र बंद केला, पाणी तोडलं, पालाही काढला. चौथ्या दिवशी अण्णा त्र्यंबकला गेला असं कळलं, म्हणून वेळूची काठी घेऊन तारेला हाणली.

"तात्या, हळू! प्रवासी पडतील!" अण्णा बांधावर उभा. त्याची गाडी चुकली होती.

"माकडं हाकलतोय," मी म्हणालो.

त्यानं आसपास पाहिलं. माकड कुठंच नव्हतं. "बरं. उद्याही हाकल. नऊला येत्यात ती."

मग रोज नऊला पलीकडून हाक यायची, "तात्या, माकडं आली!" पंधरा दिवसांत हरभऱ्याएवढी फळं धरली. पहिलं कॅरेट माझंच निघालं. पारावर लोकांनी विचारलं, केलं काय? मी म्हणालो, "अनुभव." शेजारी बसलेला अण्णा म्हणाला, "तात्याचा हातच तसा हाय."

गेल्या थंडीत अण्णा गेला. दहाव्याला गोदावरीच्या काठी मी उठून चारचौघांत सगळं खरं सांगितलं.

घरी जेवायला वाढताना हिनं विचारलं, "हे त्यांना जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?"

मी म्हणालो, भाजीत मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं.