अक्कांचा पाणकोळी

बंगळुरात माणसं दोनच प्रकारची आहेत. एक, ज्यांना अक्कांनी भर रस्त्यात थांबवून "हलू नका, तुमच्या खांद्यावर बसलाय!" असं सांगितलेलं आहे, आणि दुसरी, ज्यांना सांगायचं अजून राहिलेलं आहे. एकाहत्तराव्या वर्षी दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, जरीकाठी साडीखाली भडक केशरी बूट घालून आणि मोबाइल आरतीच्या तबकासारखा छातीपुढे धरून ही बाई मल्लेश्वरमच्या फुटपाथवरून निघाली की समोरची माणसं आपसूक बाजूला होतात. अक्का म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या आत्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा लष्कराबरोबर दक्षिणेत आलेलं आणि मग इथेच रमलेलं हे घराणं, त्यामुळे त्यांचं मराठी कन्नडात चांगलं मुरलेलं आहे. मी पुण्याहून नोकरीसाठी महादेवपुऱ्यात येऊन पडलेला जावई. पहिल्या भेटीत चहा विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्या फोनात जागा किती उरलीय हो, जावई?"

या सगळ्याला कारण गुडघ्यांचे डॉक्टर. त्यांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, आणि अक्कांना नुसतं चालण्याचा भयंकर कंटाळा. म्हणून माझ्या बायकोने त्यांच्या फोनवर एक खेळ घालून दिला. फोनवर आपल्याच शहराचा नकाशा दिसतो, त्यात रस्त्यांवर, बागांत, तळ्यांकाठी चित्रविचित्र प्राणी उगवतात, आपण खरोखर पायांनी तिथवर जायचं, बोटाने चेंडू फेकून त्यांना धरायचं आणि संग्रहात जमा करायचं. महिन्याभरात अक्का अर्ध्या तासावरून तीन तासांवर गेल्या. डॉक्टर घाबरून म्हणाले, थोडं कमी करा. अक्का म्हणाल्या, "आता कसं कमी करू? अंडं उबवायला ठेवलंय. पाच किलोमीटर झाल्याबिगर फुटत नाही ते." डॉक्टरांनी पुढे काय लिहून दिलं मला ठाऊक नाही, पण पुढच्या खेपेला त्यांच्याच खोलीत अक्कांनी वजनकाट्यावर बसलेला एक प्राणी धरला एवढं खरं.

खेळातली इंग्रजी नावं त्यांना मान्य नाहीत. आग ओकणारा तो भडक्या, गोल गरगरीत तो गुंडप्पा, आणि सारखा निसटून जाणारा तो थेट आमचे सासरे. पण या सगळ्यांत त्यांचा जीव जडला तो पाणकोळ्यावर. हा पाण्यातला कोळी. जमिनीवर यायचं तर श्वास कोंडतो, म्हणून डोक्यावर पाण्याचा भलामोठा बुडबुडा घेऊन हिंडतो; तो सांडू नये म्हणून पावलं अशी जपून टाकतो की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. अक्कांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. पाणकोळ्याचं चित्र प्रथम पाहिलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पाय मोजले, पुन्हा मोजले आणि मग खेळाच्या कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसल्या. कोळ्याला आठ पाय असतात, तुमच्याला सहाच आहेत, उरलेले दोन तातडीने बसवावेत. उत्तर आलं नाही. तेव्हापासून त्या पाणकोळ्याविषयी बोलताना "बिचारा अपंग आहे" असं म्हणतात, आणि आवाज हळवा होतो.

एकदा मी त्यांना साडी घ्यायला चिकपेटेत घेऊन गेलो. ती माझी चूक. दुकानदाराने वीसेक साड्या उलगडल्या होत्या, गादीवर रंगांचा ढीग पडला होता, आणि अक्का एकदम ताठ झाल्या. "अण्णा, स्वल्प थांबा, तसेच राहा!" दुकानदार एक हात वर, हातात मोरपंखी साडी, असा थिजला. बाजूच्या बायकांना वाटलं पाल पडली, त्या किंचाळून बाहेर. अक्का फेकताहेत, चेंडू चुकतोय, पुन्हा फेकताहेत, आणि तो भला माणूस डोळ्यांची पापणी न हलवता विचारतोय, "सिक्ता, अम्मा?" सापडला का म्हणून. "आयतु, धरला!" अक्का ओरडल्या, तेव्हा अख्ख्या दुकानाने टाळ्या वाजवल्या. साडी घ्यायची राहूनच गेली.

इतकं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण अक्कांच्या मनात एक सल होता, आणि तो माझ्याच शेजारी, महादेवपुऱ्यात, चौथ्या मजल्यावर राहत होता. त्यांची धाकटी बहीण. आम्ही त्यांना धाकट्या आत्या म्हणतो. या दोघी सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण सांगतो, पुण्यामुंबईच्या वाचकांनी हसू नये. या घराण्यात कार्याचं आमंत्रण कुंकू लावलेल्या तांदळांनी होतं. घरी जायचं, हातावर अक्षत ठेवायची, तोंडाने 'यायचं हं' म्हणायचं; त्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. नातवाच्या मुंजीत अक्कांनी साऱ्या बंगळुराला अक्षत दिली आणि धाकटीला नुसती फोनवर पत्रिका पाठवली. "सख्ख्या बहिणीला अक्षत काय द्यायची? ती काय पाहुणी आहे?" हा अक्कांचा विचार. "सगळ्या गावाला अक्षत, आणि मला फोनवरचं चित्र?" हा धाकट्या आत्यांचा. त्या मुंजीला आल्या नाहीत. अक्का म्हणाल्या, आली नाही ती नाही. झालं, सहा वर्षं.

मधली लबाडी माझी. मोतीबिंदूनंतर धाकट्या आत्या घरात बसून कंटाळल्या, तेव्हा मी त्यांच्याही फोनवर तोच खेळ घातला आणि मित्रांच्या यादीत गुपचूप अक्कांना जोडून दिलं. या खेळात मित्राला रोज एक भेट पाठवता येते. दुसऱ्या दिवसापासून मल्लेश्वरमहून महादेवपुऱ्याला आणि महादेवपुऱ्याहून मल्लेश्वरमला न चुकता भेटी सुरू झाल्या. मी अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "ते आपोआप जातं." धाकट्या आत्यांना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, "आपोआप जातं बाबा." आपोआप काहीही जात नाही. पाच ठिकाणी बोट दाबावं लागतं.

आणि मग खेळात पाण्याचा सण आला! तीन दिवस, फक्त जुन्या मोठ्या तळ्यांवर पाणकोळी उगवणार. रविवारी सकाळी सहाला अक्का सँकी तळ्यावर हजर, मी गाडीच्या किल्ल्या आणि पाण्याची बाटली घेऊन मागे. तळ्याभोवती कॉलेजची, आयटीतली दोनशे पोरं फोन उगारून उभी, आणि त्यांच्यामधून अक्कांचे केशरी बूट धावताहेत. हो, धावताहेत! "अहो जावई, बेग बेग! त्या बाकाखाली! नाही, पाण्याकडे वळला! अग्गो, सांडेल की त्याचं पाणी!" पहिला निसटला. दुसऱ्यावर तीन चेंडू फुकट. चौथा चेंडू हलला, थांबला, हलला, आणि बसला! अक्कांनी गुडघे विसरून उडी मारली, शेजारच्या दाढीवाल्या पोराला मिठी मारली, आणि त्या गडबडीत आणखी एक पाणकोळी धरला. सगळं तळं "अक्का! अक्का!" करून ओरडत होतं. अक्कांचे डोळे भरले होते. बाकावर टेकून त्या म्हणाल्या, "धाकटीकडे एवढा एकच नाही. बाकी समदे आहेत तिचे." हे त्यांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही.

एक पाणकोळी बहिणीला द्यायचा होता. पण अदलाबदलीचा नियम असा, की दोघांनी एकमेकांपासून शंभर पावलांच्या आत यावं लागतं. अक्कांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला: मी त्यांना धाकट्या आत्यांच्या इमारतीखाली न्यायचं, त्या गाडीतच बसणार, पाणकोळी खालूनच वर जाणार. "चौथा मजला शंभर पावलांत बसतो. मी मोजलंय." आम्ही शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेदोन तास रखडत गेलो आणि पार्किंगात थांबलो. अक्का फोनकडे बघत बसल्या. वरून उत्तर नाही. तासभर झाला. मग माझा फोन वाजला. धाकट्या आत्या म्हणाल्या, "खाली कोण बसलंय ते मला दिसतंय हो. तिला सांगा, कोळीबिळी नको मला. अक्षत आणली असेल तर वर ये म्हणावं."

 अक्कांनी पिशवीत हात घातला आणि चांदीची डबी काढली. आतले तांदूळ कुंकवात ताजे माखलेले होते. म्हणजे बाईंनी घरून निघतानाच ठरवलं होतं, आणि मला तासभर पार्किंगात बसवून ठेवलं ते नुसता धीर गोळा करायला. लिफ्टमध्ये मात्र त्या एकदम गडबडल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "अहो, पण आमंत्रण कशाचं देऊ? घरात कार्य एक नाही. रिकामी अक्षत कशी द्यायची?"  चौथा मजला आला.

दार उघडंच होतं. धाकट्या आत्या पदर सावरून उभ्या होत्या. दोघी खूप बारीक झालेल्या, दोघींचे चष्मे जाड. मग अक्कांनी डबी उघडली, घसा साफ केला आणि मुंजीच्या थाटात म्हणाल्या, "येत्या रविवारी सकाळी सहा वाजता सँकी तळ्याच्या काठी पाणकोळी धरण्याचं योजलं आहे. सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्य सिद्धीस न्यावं." धाकट्या आत्यांनी हात साडीला पुसला, पुढे केला आणि अक्षत घेतली. "सरी. येते," म्हणाल्या, आणि मग दोघी रडल्या. मीही रडलो, लपवत नाही. नंतर कॉफी पिताना अक्कांनी अदलाबदलीसाठी फोन पुढे केला, तर धाकट्या आत्यांनी तो हाताने बाजूला सारला. "बोलावलंयस ना? मग तिथे येऊन माझा मी धरीन."

सण तोवर संपला होता, आणि सणाबाहेर पाणकोळी क्वचितच कधी उगवतो. त्यानंतर दर रविवारी पहाटे मी धाकट्या आत्यांना घेऊन मल्लेश्वरमला जातो. दोघी तळ्याकाठच्या एका बाकावर बसतात, फोन मांडीवर, आणि सहा वर्षांचं बोलतात. कुठल्या मावशी गेल्या, कुणाच्या मुंजीत कुणी काय नेसलं होतं. अक्कांचं चालणं आता पुष्कळ कमी झालं आहे. बाकापर्यंत यायलाच त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागतं, आणि धाकट्या आत्या थांबल्यासारखं न दाखवता थांबतात. ते पाहिलं की ती सहा वर्षं कुणाकडून तरी परत मागून आणावीत असं मला वाटतं.

गेल्या रविवारी माझ्या हातातला फोन थरथरला; अक्कांच्या आग्रहाने खेळ त्यातही घातलेला आहे. पाहतो तर समोर, पाण्याच्या कडेला, डोक्यावर बुडबुडा तोलत पाणकोळी उभा. या खेळात एका जागी आलेला प्राणी तिथल्या सगळ्यांनाच दिसतो. मी ओरडणार होतो, पण माझं लक्ष बाकाकडे गेलं. धाकट्या आत्यांनी फोनकडे पाहिलं, पाहतच राहिल्या, आणि मग तो हळूच मांडीवर पालथा घातला.

"काही आलं का गं?" अक्कांनी विचारलं. त्यांच्याही चष्म्यात पडद्याचा उजेड पडला होता.

"नाही गं अक्का. तुला?"

"छे, इल्ला." अक्कांनी आपला फोन पिशवीत टाकला आणि बहिणीचा हात हातात घेतला. "पुढच्या रविवारी बघू."