चमोलीत लाल स्वेटरवाले

आमच्या मॉरिशसच्या मराठी मंडळात आरती छोटी असते आणि नंतरचा चहा लांबलचक. त्या चहात हिमालयातल्या चमोलीच्या यात्रेचे किस्से निघतात. यात्रा एकदाच झाली, ऐंशीच्या दशकात. किस्से मात्र अजून वाढतायत! जे आलेच नव्हते तेसुद्धा आता "आपण तिथं होतो ना" म्हणून सांगतात. मी खरोखर होतो, म्हणून माझ्याकडून ऐका.

* * *

पहिला प्रश्न थंडीचा. आमच्या बेटावर थंडी म्हणजे जुलैत खिडकी लावून घेणं. हिमालयात घालायचं काय? माझा मेहुणा गुडलँड्सला स्वेटरच्या फॅक्टरीत होता. त्यानं युरोपला न गेलेला रिजेक्ट माल आणून दिला. सगळे एकसारखे. लालभडक, छातीवर पांढरं हरीण, आणि एक बाही दुसरीपेक्षा लांब!

डोंगरातल्या पहिल्याच गावात जीपमधून उतरलो, तर एका आजोबांनी विचारलं, "शादी किसके घर में है?"

त्यांना आम्ही बँडवाले वाटलो!

आमचे अध्यक्ष धोंडूकाका चिडले. काका बसचे रिटायर्ड कंडक्टर, मानापमानाला फार जपायचे. छाती पुढं काढून म्हणाले, "मैं प्रेसिडेंट है!"

आजोबांनी अदबीनं हात जोडले. "अच्छा, बँडमास्टर!"

* * *

देवळात पुजाऱ्यानं संकल्पासाठी काकांना गाव विचारलं. काका म्हणाले, "कार्तिए मिलितेर."

पुजारी थबकला. काकांनी बसचा स्टॉप पुकारावा तसं पुन्हा सांगितलं. पुजाऱ्याचा चेहरा उजळला आणि तो खणखणीत आवाजात सुरू झाला, "कार्तिकेय-मिलित-तीर्थ-ग्राम-निवासी..."

बाहेर आल्यावर काका चपला शोधत होते. मी म्हटलं, "काका, गावाचं नाव चुकलं ना?"

"चुकलं कसं? आमचा आजा तिथं ऊस तोडत मेला. तीर्थ हाय ते त्याला कुनी सांगितलंच न्हाय!"

* * *

धर्मशाळेत पुण्याच्या एक बाई भेटल्या. आमच्या लक्ष्मीमावशींशी बोलताना त्यांना भारी कौतुक वाटलं. "किती जुनी मराठी हो तुमची! माझी पणजी अगदी अशीच बोलायची."

मावशी म्हणाल्या, "पनजी शानी होती बाय. मंग तुमी का सोडली?"

* * *

आमचा वाटाड्या खेमसिंग. त्यानं एका पहाटे जंगलात नेलं. अस्वल दाखवतो, कस्तुरीमृग दाखवतो, मोनाल पक्षी दाखवतो म्हणाला. अट एकच, मोठ्यानं बोलायचं नाही. काकांनी नियम पाळला. हळूच माझ्या कानात विचारलं, "कुठं हाय रं अस्वल?"

काकांची ती कुजबुज समोरच्या डोंगरावरून परत आली!

खेमसिंगनं काठी काखेत मारली. "चलो साहब. अब सब जानवर नेपाल में मिलेंगे."

* * *

आमच्याकडं डोंगरात एक तलाव आहे. पूर्वी गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं, तेव्हापासून आम्ही त्याला गंगा तलाव म्हणतो. अलकनंदेच्या काठी सगळे जण घरी न्यायला बाटल्या भरत होते. मावशींनी पिशवीतून रमची बाटली काढली आणि भडाभडा नदीत ओतली.

"लक्ष्मीबाई, गंगेत दारू?" काका ओरडले.

"दारू न्हाय ओ. आपल्या तलावाचं पानी हाय."

"आयो! लोक हितनं पानी नेतात, तुमी हितं आनलं?"

मावशी बाटली झटकत म्हणाल्या, "सासरी गेल्यापासनं एकदा तरी माहेरी आलं हुतं का बिचारं?"

काकांनी नाक शिंकरलं. थंडीमुळं म्हणे.

* * *

शेवटच्या मुक्कामी दिवेलागणीला गावच्या देवळातून खाली येत होतो. पायवाट अरुंद, एका बाजूला कडा, दुसरीकडं दरी. पुढं खेमसिंग, मागं मावशी, मग काका आणि मी. वळणावर खेमसिंग एकदम थांबला.

वाटेत बिबट्या बसलेला!

आमच्या बेटावर मुंगसापेक्षा भयंकर काही आडवं जात नाही. खेमसिंगनं काठी आडवी धरून आम्हाला मागंच अडवलं. काकांनी माझा दंड असा आवळला की तो पुढं कितीतरी दिवस काळानिळा होता. मला बायको आठवली, पोरं आठवली. पळायला जागाच नव्हती.

मावशींना संध्याकाळी नीट दिसत नसे. त्या खेमसिंगला बाजूला सारून पुढं झाल्या, कमरेवर हात ठेवले आणि आमच्या बेटाच्या क्रेओल बोलीत खेकसल्या, "आल तो लाकाज!"

म्हणजे, जा आपल्या घरी! शेजाऱ्याचा कुत्रा अंगणात शिरला की आम्ही हेच म्हणतो.

बिबट्यानं मावशींकडं पाहिलं, जांभई दिली आणि उठून झाडीत निघून गेला!

खेमसिंगनं मावशींचे पाय धरले. "अम्माजी, यह कौन सा मंत्र है?"

"आमच्या गावचा हाय," मावशी म्हणाल्या. मग मागं वळून काकांना विचारलं, "कुनाचा कुत्रा हुता वो?"

सकाळी निघालो तर सारा गाव जीपभोवती जमलेला. बायकांनी मावशींना टिळा लावला, म्हातारेसुद्धा पाया पडले. जीप सुरू झाली तसे प्रधानांनी, म्हणजे तिथल्या सरपंचांनी, हात जोडले, मागोमाग सगळ्यांनी जोडले. आणि सारा गाव भक्तिभावानं एका सुरात म्हणाला,

"आल तो लाकाज!"