थेल्माने बघायला नेलेल्या वस्तू

थेल्मा ट्रेझाइस आमच्या कुरिला गावात शिवणकाम करायची. मापं घ्यायला घरोघरी जायची आणि निघताना काहीतरी मागून आणायची. कुणाची इस्त्री, कुणाच्या वडलांची खाणीतली टोपी, कुणाच्या बाप्तिस्म्याचं झबलं. "जरा बघून देते हं," म्हणायची. परत द्यायचं तेवढं तिला आठवायचं नाही. चाळीस वर्षांत तिची पुढची खोली अशी भरली की गिऱ्हाइकांची मापं व्हरांड्यात घ्यावी लागायची. तरी बोभाटा नव्हता. प्रत्येकाला वाटायचं, आपलीच एक वस्तू तिच्याकडे राहिलीय.

त्र्याहत्तर साली कौन्सिलचे अध्यक्ष कॉलिन हार्वी यांना संग्रहालय काढायची हुक्की आली. बंद पडलेली शाळा हाताशी होती, आत मांडायला काही नव्हतं. थेल्माने सगळंच देऊ केलं. अट एकच: प्रत्येक वस्तूवर तिने लिहिलेली चिठ्ठी जशीच्या तशी लागली पाहिजे. हार्वींनी न वाचताच सही ठोकली. चिठ्ठ्या टाइप केल्या मी, कौन्सिलच्या टायपिस्टने. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. हार्वींनी पहिल्या कपाटावरचा पडदा ओढला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, "अध्यक्ष हार्वींच्या आजोबांची कवळी. बघायला म्हणून आणली. म्हातारा दोनदा मागायला आला होता." पुढचं त्यांनी मनात वाचलं.

मग जो तो आपापली वस्तू शोधत सुटला. मॅव्हिस रोडा पास्टी, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, भाजायच्या ताटापाशी थबकली.

"थेल, हे एड्नाने ढापलं म्हणून मी अठरा वर्षं तिच्याशी बोलले नाही."

"तुला नणंदेशी बोलायचं होतंच कुठे? मी नुसतं कारण पुरवलं."

एड्ना मागेच उभी होती. आधी ती हसली, मग नाइलाजाने मॅव्हिस.

ज्याला आपली वस्तू हवी त्याने खुशाल न्यावी, असं थेल्माने तिथेच सांगून टाकलं. चिठ्ठी मात्र जागेवर राहील. कुणी हात लावला नाही.

सोमवारी हॅनाफोर्ड नवरा-बायको फुगून कौन्सिलात आले. आमच्या घरचं काहीच कसं नाही म्हणून. थेल्माला बोलावलं, तर ती शांतपणे म्हणाली की, त्यांच्याकडे उचलण्याजोगं कधी काही दिसलंच नाही. संध्याकाळच्या आत त्यांनी पणजोबांची बाजाची पेटी ट्रॅक्टरवर घालून आणली. त्यामागोमाग इतरांनीही रांग लावली, आणि नाताळापर्यंत आम्हाला शाळेचा दुसरा वर्ग उघडावा लागला.