सर चहाला गेलेत

आमच्या सरांना रिकामेसर हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ते का पडलं, हे मात्र त्यांच्या हाताखालून गेलेला कोणताही डिझायनर झोपेतसुद्धा सांगेल. आपण जीव ओतून वेबसाइटचं एखादं पान सजवावं, रंग, अक्षरं, फोटो सगळं जिथल्या तिथे, आणि सरांनी मागे येऊन, चष्मा कपाळावर सरकवून विचारावं, "छान. आणि रिकामं असेल तर?"

पहिल्या वेळी मला त्यांचा असा राग आला की बॅग उचलून घरी जावंसं वाटलं. आम्ही डिझायनर म्हणजे लाडावलेली जमात. पानावर नमुन्यादाखल नावं घालायची ती आटोपशीर, फोटो घालायचे ते हसऱ्या माणसांचे, बातम्या सगळ्या दोन ओळींच्या. खऱ्या वेबसाइटवर मजकूर येतो डेटाबेसमधून. तो भरणारा भलताच कोणीतरी असतो. तो कधी ओळभर लांब नाव टाकतो, कधी काहीच टाकत नाही, आणि मग आमच्या देखण्या पानाचा पार विचका होतो. हे आमच्या गळी उतरवणं सरांचं काम. आमच्या संस्थेत वेब डिझायनरांना प्रोग्रामिंग शिकवणारे ते एकटेच होते.

"ताटं तुम्ही सुंदर मांडता," ते म्हणायचे. "पण फडताळातून काढून वाढणार कोण? ते वाढणं म्हणजे प्रोग्रामिंग. आणि फडताळात काही नसलं, तर पाहुण्याला तसं सांगायचं. नुसतं रिकामं ताट पुढ्यात ठेवून निघून जायचं नाही. थाप तर अजिबात मारायची नाही."

सर मूळचे आमच्यातलेच. छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरची लेबलं बनवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा मुलगी पाळण्यात होती आणि बायकोच्या पाठीचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं. चाळिशीच्या तोंडावर ते रडतखडत कोड शिकले, स्वतःचे स्वतः. त्यामुळे आम्ही कुठे अडणार हे त्यांना आमच्या आधी कळायचं.

मी त्यांना पाहिलं ते थकलेलेच. उभं राहून पाय सुजायचे, म्हणून खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हात टेकून बसायचे. घसा कायमचा बसलेला, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. आमची तुकडी संपली की पुढच्या तुकडीला तेच ताट, तेच फडताळ. एकदा मी विचारलंच, "सर, कंटाळा नाही येत?"

"येतो की," ते म्हणाले. "धडा तोच असतो. शंका मात्र प्रत्येकाची निराळी. त्यावर निभतं."

संस्थेची वेबसाइट सरांनी आमच्याच तुकडीकडून करून घेतली. शिक्षकांचं पान माझ्या वाट्याला आलं. विषय निवडला की त्या विषयाच्या शिक्षकांची नावं डेटाबेसमधून यायची. नावच नसेल तर काय दिसावं, ती ओळ मी या खेपेला सरांनी विचारायच्या आधीच घातली होती. फक्त गंमत म्हणून तिथे लिहिलं होतं, "सर चहाला गेलेत. येतीलच."

सरांनी ते वाचलं आणि घसा विसरून हसले. वर्गाने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी ती ओळ खोडायला गेले तर म्हणाले, "राहू दे. बाकी विषयांना शिक्षक ढीगभर आहेत. आणि आपल्या विषयाला मी आहे तोवर हे दिसायचं नाही."

शिकून झाल्यावर मी त्याच संस्थेत वेबसाइट सांभाळायला लागले. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

काही वर्षांनी संस्था चालवणाऱ्या मॅडमनी ठरवलं की सरांचे सगळे धडे रेकॉर्ड करायचे. "तुमच्या घशाला आराम मिळेल," त्या म्हणाल्या. "आणि शंका सोडवायला माणूस लागणारच. ते तुम्हीच." मॅडमचं बोलणं नेहमी असं मऊ. मला त्यात काळंबेरं दिसत होतं. मी सरांना जिन्यात गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की तुम्ही आपल्या हातांनी आपल्या पायावर धोंडा मारून घेताय.

सर कठड्याला धरून उभे राहिले. "मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर आजच जाईन. हो म्हटलं तर निदान शंकांपुरता राहीन. आणि घसा दुखतो गं. खरंच दुखतो."



मागच्या खोलीला जाड पडदे लावून रेकॉर्डिंग झालं. समोर कोणी नाही, नुसता कॅमेरा. सर पान दाखवायचे, सवयीने विचारायचे, "रिकामं असेल तर?" आणि उत्तराची वाट बघत थांबायचे. मग आपण एकटेच आहोत हे लक्षात येऊन, थर्मासमधलं घोटभर पाणी पिऊन पुढे जायचे. रेकॉर्डिंगची जोडणी करणाऱ्याने पुढे त्या सगळ्या थांबण्याच्या जागा कापून टाकल्या. धडे एकदम चटपटीत झाले. मॅडम खूश.

शंकांचं म्हणाल तर मॅडमनी वेबसाइटवर एक रकाना उघडला. मुलांनी शंका लिहायच्या, जुन्या मुलांनी वेळ मिळेल तशी उत्तरं द्यायची. सरांची गरज तिथेच संपली. निरोप समारंभ नाही, काही नाही. सर थर्मास घेऊन गेले, आणि मॅडमनी स्वतः डेटाबेसमधून त्यांचं नाव काढलं. तेवढं काम मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं नाही.

दोन दिवसांनी स्वागतकक्षातली ताई वैतागून माझ्याकडे आली. "लोक फोन करून विचारतायत, सर चहा पिऊन कधी येणार म्हणून. हा काय प्रकार आहे? आणि तो एक जण तर येऊनच बसलाय."

मी पान उघडलं. इतकी वर्षं दडून बसलेली माझी ओळ मधोमध ठळक अक्षरांत झळकत होती. बाहेर पाहिलं, तर बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन एक डिझायनर बसला होता. दर वेळी दार वाजलं की मान वर करून बघत होता.

मी सरांना फोन लावला. ऐकून ते हसले, मग बराच वेळ खोकत राहिले.

"पान मोडलं नाही ना कुठे?"

"नाही सर. उत्तम दिसतंय. मी तर म्हणते राहू द्या ही ओळ. कळू दे मॅडमना."

"काढ ती," ते म्हणाले. "माणसं थांबतात गं."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते."

आधी मी बाहेर जाऊन त्या डिझायनरला सांगितलं की सर येणार नाहीत, त्यांचे धडे मात्र वेबसाइटवर बघता येतील.

"ते बघूनच आलोय," तो म्हणाला. "ते विचारतात, रिकामं असेल तर? आणि उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत पुढे जातात. मला वाटलं, समोर बसलो तर थांबतील."

थांबायचे हो, असं सांगावंसं वाटलं. त्याने लॅपटॉप बॅगेत घातला आणि तो गेला.

मी खुर्चीवर येऊन जुनी ओळ खोडली आणि लिहिलं, "या विषयाला शिक्षक नाहीत." पान पुन्हा उघडून पाहिलं. कुठे काही मोडलं नव्हतं. सरांनी शिकवलं होतं तसंच, अगदी नीट दिसत होतं.