पाठीला पाठ लावून

शालूच्या नवऱ्याचा, वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी बोईसरला घरी भाजी निवडत होते. "शालू सकाळी गेली," एवढंच ते म्हणाले. त्याला महिना होऊन गेला, पण तिच्यावर चिडायची माझी सवय काही गेलेली नाही.

शालू पालघरला मुलांची डॉक्टर, मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी. मनोरकडची एक आई तिला म्हणाली होती, "बाई, साकर नाय घरात. तांदूल हाय." झालं, बाईंच्या डोक्यात खूळ शिरलं. जुलाब झालेल्या मुलांना साखर-मिठाच्या पाण्याऐवजी पेज चालेल का, यावरचे जगभरातले शोधनिबंध जमवायचे, त्यांतले आकडे काढायचे आणि एकत्र मांडून बघायचे. पेज जिंकावी, अशी तिची मनापासून इच्छा होती.

रविवारी तिच्या दवाखान्यात आम्ही दोघी एकच निबंध वाचायचो, पण खुर्च्या पाठीला पाठ लावून. किती मुलं, किती बरी झाली, किती मधेच सोडून गेली... आपापल्या तक्त्यात भरायचं, बोलायचं नाही. एकीनं दुसरीचा आकडा पाहिला की तिलाही तोच दिसायला लागतो, असं तिचं म्हणणं. भरून झालं की विचारायचं, "वळू का?" चहासुद्धा वळल्यावरच! मी कुरकुरायचे, ती ढिम्म.

एका निबंधात आमचे आकडे जुळेनात. पेजेनं बरी झालेली मुलं तिनं वरच्या सारांशातून घेतली होती. आतल्या कोष्टकात ती बरीच कमी होती. तिनं कपाळावर हात मारला. "अगं, मी पेजेला पास करायलाच बसले होते की!" हसली, पण डोळे भरले होते. तो आकडा सुधारल्यावर पेजेची बाजू लंगडी पडली. "एवढ्यावरून ठरवता येत नाही," असं तिनंच लिहिलं आणि मला म्हणाली, "ठरेपर्यंत साखर माझी." तेव्हापासून साखर-मिठाच्या पुड्या ती घरी बांधायची आणि त्या आयांच्या हातात ठेवायची. नवे निबंध येत राहिले, आमचे रविवारही.

परवा वसंतरावांनी दवाखाना आवरायला बोलावलं. खुर्च्या तशाच होत्या. शेवटच्या निबंधाचा तिचा तक्ता भरलेला, तिच्या बाजूला पालथा ठेवलेला. माझा राहिला होता. मी माझ्या खुर्चीत बसले, तिचा न बघता माझा भरला, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "शालू, वळू का?"

ती "हं" म्हणेपर्यंत वळायचं नाही, असा नियम होता... मी बराच वेळ तशीच बसून राहिले.